पद्मिनीच्या डॅशबोर्डखाली घरगुती पॅनल: भंगारातला एचएमआय चालेल का?

चोवीस_व्होल्ट (कोल्हापूर)
९ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत १७ वर्षं मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन आहे. फर्नेसच्या कूलिंग वॉटरचं तापमान जरा चढलं की आमच्याकडं हूटर बोंबलतो, लाल दिवा लागतो आणि मी जेवणाच्या डब्यावरून उठतो. आणि गेल्या महिन्यात माझ्याच गाडीचं पाणी आंबा घाटात उकळून बॉनेटमधून वाफ निघायला लागली, तेव्हा समोरचा पाण्याचा काटा थंड बाजूला निवांत बसून होता. शेजारी बायको, मागं सासूबाई. रत्नागिरीहून परत येत होतो, साखरपा सोडून चढ लागलेला. बायको एवढंच म्हणाली, "कंपनीत पण असंच लक्ष ठेवता काय?" तेव्हापासून डोक्यात पॅनल आहे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८८ची, पेट्रोल, हँडगिअर. मामांची. त्यांचा शाहू मार्केट यार्डात गुळाचा व्यापार होता. पावसाळ्यात डिकी उघडली की अजून गुळाचा वास येतो. मामांनी तिला डायनामो काढून ३५ अँपियरचा अल्टरनेटर बसवून घेतला होता. बाकी सगळं मूळचं. पत्रा सोडून. पत्र्याबद्दल नंतर कधीतरी.

माझ्याकडं काय पडलंय ते सांगतो. एक ७ इंची टच एचएमआय, म्हणजे मशीनचे आकडे दाखवणारी स्क्रीन, जुन्या सँड प्लँटच्या पॅनलमधून निघालेला, रीतसर भंगाराच्या भावानं घेतलाय, गेटपास आहे. त्याच्याच जोडीचा छोटा पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), ८ इनपुट ६ आउटपुट. २२ मिलिमीटरची पुश बटणं आणि सिलेक्टर स्विच एक डबाभर. डिन रेल, डक्ट, सिंगल पोल एमसीबी, फेरूल नंबरांची माळ. घरी १.५ आणि २.५ स्क्वेअरची वायर उरलीय.

बेत असा: ३ मिलिमीटर अॅल्युमिनियमची प्लेट उद्यमनगरात लेझर कट करून घ्यायची, काळी मॅट पावडर कोटिंग. डॅशबोर्डच्या मधोमध कापून बसवायची. स्क्रीनवर पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर, बॅटरी व्होल्टेज आणि आरपीएम. रेडिएटरसमोर जुन्या मारुती ८००चा इलेक्ट्रिक फॅन लावून तो पीएलसीवर घ्यायचा, ८५ अंशाला सुरू, ७८ला बंद. हेडलाइट, फॉग लॅम्प, हॉर्न सगळं पॅनलवरून. आणि चावी काढून टाकून हिरवं बटण स्टार्ट, लाल बटण स्टॉप. आपल्या मोटरच्या डीओएल स्टार्टरसारखं. (हसू नका.)

आता अडलंय ते. एचएमआय आणि पीएलसी दोन्ही २४ व्होल्टचे, म्हणून १२ चे २४ करणारा कन्व्हर्टर लागेल, त्यानं भागेल का? गाडीचा मूळचा टेंपरेचर सेन्सर थेट पीएलसीच्या अॅनालॉग इनपुटला जोडता येईल का, तो तर ०-१० व्होल्ट मागतो? आरपीएम कुठून घ्यायचा? आणि फ्यूजऐवजी एमसीबी लावले तर काय बिघडतं? फ्यूज उडाला की घाटात कुठं शोधत बसायचं, एमसीबी नुसता वर ढकलला की झालं.

मी पॅनल रोज बांधतो, वायरिंगची भीती नाही. गाडीतलं मात्र पहिल्यांदाच करतोय. जिथं माझं चुकतंय असं वाटेल तिथं सरळ बोला, राग येणार नाही.

---

मेतकूट_आणि_मल्टीमीटर (सांगली)
१० एप्रिल, सकाळी ७:१५

दादा, पोस्ट वाचून मजा आली. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि दर वर्षी दोन-तीन मुलं अशा डॅशबोर्डचा प्रोजेक्ट घेऊन येतातच, त्यामुळे जळलेले बोर्ड बरेच पाहिलेत. सरळ बोला म्हणालात म्हणून बोलते.

एचएमआयचा नाद सोडा. मागच्या स्टिकरवर बघा, बहुतेक "०-५० अंश" लिहिलेलं असेल. एप्रिलात दुपारी बंद काचांची गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्ड त्याच्या बराच वर जातो. शिवाय तो सुरू व्हायला किती सेकंद घेतो ते मोजा. सेल्फ मारताना बॅटरी ८-९ व्होल्टपर्यंत खाली बसते, तेव्हा तो रीस्टार्ट होणार आणि तुम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलात तरी स्क्रीनवर कंपनीचा लोगोच दिसत राहणार. फॅक्टरीत पॅनल एकदा चालू केलं की महिनाभर चालूच असतं. गाडी दिवसातून सहा वेळा चालू-बंद होते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सप्लाय. तुमच्याकडे एसएमपीएसमधून स्वच्छ २४ व्होल्ट मिळतात. गाडीतले "१२ व्होल्ट" म्हणजे सेल्फच्या वेळी ८, एरवी १४.२, आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन सुटलं तर अल्टरनेटर क्षणभर ८०-१०० व्होल्टपर्यंतही फेकू शकतो. त्याला लोड डंप म्हणतात. बाजारात मिळणारा तो व्होल्टेज उतरवणारा निळा एलएम२५९६चा मोड्यूल ४० व्होल्टपर्यंतचा आहे, आणि त्याच्यावरचा इनपुट कपॅसिटर बऱ्याचदा ३५ व्होल्टचाच असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी १ अँपियरचा फ्यूज, मग उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड, मग १.५केई२४ए हा टीव्हीएस (व्होल्टेजचा झटका दाबणारा) डायोड आडवा, त्यानंतर मोड्यूल. हा टीव्हीएस ३३ व्होल्टच्या आसपास दाबून धरतो. आणि ट्रकवाल्याच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवरून कुणी गाडी चालू करून दिली तर फ्यूज उडेल. उडू दे, त्यासाठीच तो आहे. ७८०५ रेग्युलेटर वापरू नका; १४ व्होल्टचे ५ करताना २०० मिलिअँपियरलाच जवळपास २ वॅट उष्णता काढावी लागते.

डोकं म्हणून आर्डुइनो नॅनो हा साधा छोटा कंट्रोलर बोर्ड पुरे. पाच व्होल्टवर चालतो, क्षणात सुरू होतो, मेला तर दुसरा लावता येतो. पीएलसी चांगला असतो हो, पण त्याला हा एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा) सेन्सर वाचायला मध्ये आणखी एक ट्रान्समीटर लागेल. नॅनोला ५ व्होल्टपासून एक ४७० ओहमचा रेझिस्टर आणि खाली सेन्सर, एवढंच. बॅटरी व्होल्टेजसाठी १० किलोओहम आणि ३.३ किलोओहमचा डिव्हायडर. १८ व्होल्ट आले तरी पिनवर साडेचारच्या आत राहतात.

मूळचा टेंपरेचर सेन्सर मात्र काट्याबरोबर वाटून घेऊ नका. दोघांचा करंट एकमेकांत मिसळतो आणि दोन्ही खोटं बोलतात. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये बसणारा अॅल्युमिनियमचा अॅडॅप्टर मिळतो, त्यात दुसरा सेन्सर बसवा. आणि तो अॅडॅप्टर दोन्ही बाजूंनी रबरात असतो, त्याला अर्थ मिळत नाही. वेगळी अर्थ वायर ओढा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे इथेच अडकतात.

आरपीएम इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून. चार सिलिंडर, फोर स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला २ पल्स. ३,००० आरपीएमला १०० हर्ट्झ. पण ती वायर थेट नॅनोला लावाल तर नॅनो गेला. डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट उघडतो तेव्हा तिथे ३००-४०० व्होल्टचा झटका असतो. १० किलोओहमचा दणकट रेझिस्टर, मग पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडानं पलीकडे देणारा, दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या), त्याच्या एलईडीला उलटा १एन४००७. प्रोग्रॅममध्ये एका पल्सनंतर ३ मिलिसेकंदांत आलेली दुसरी पल्स मोजायची नाही. पॉइंट थरथरतात.

चावी राहू द्या. लाल स्टॉप बटण आणि गाडीत लहान मूल, एवढं डोळ्यांसमोर आणा.

---

गिरगावचा_पाना (मुंबई)
१० एप्रिल, दुपारी १:०५

ताईंनी विजेचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. तीस वर्षं ह्याच गाडीखाली झोपलोय, ताडदेवला काळी-पिवळीचं गॅरेज होतं आमचं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला पासिंग झाली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस तीही उतरली. तोवर आमच्या हाताखालून किती गेल्या, मोजलं नाही.

अरे बाबा, काटा थंड आणि पाणी उकळतंय, तर पॅनल कशाला? आधी काटा खोटं का बोलतोय ते बघ. ह्या गाडीत पाण्याच्या सेन्सरला एकच वायर. दुसरी वायर म्हणजे इंजिनाचं अंग. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलंय, म्हणजे त्याचं अर्थिंग फक्त त्या विणलेल्या पट्टीतून. ती पट्टी कुजली की मध्ये रेझिस्टन्स वाढला. सेन्सर तापला की रेझिस्टन्स कमी होतो, त्याच्यात हा वरचा मिळवला की काट्याला वाटतं गाडी थंड आहे. दुसरं, कोणी शहाण्यानं सेन्सर बसवताना चुड्यांवर टेफलॉन टेप गुंडाळली असेल तर तिथेही तेच.

चाचणी फुकट आहे. रात्री इंजिन चालू ठेवून हेडलाइट लाव. काटा हलला तर अर्थिंगच. मग मल्टीमीटर घे, एक टोक सेन्सरच्या पितळी अंगाला, एक बॅटरीच्या निगेटिव्हला. सगळं चालू असताना पाव व्होल्टच्या वर दिसलं तर पट्टी बदल.

मग थर्मोस्टॅट आहे का बघ. नव्वद टक्के गाड्यांत तो काढून फेकलेला असतो, "आपल्याकडे गरम असतं, काय गरज" म्हणून. रेडिएटरचं झाकण बघ, रबर कडक झालं असेल. रेडिएटर कधी साफ केला होता? मामांनी आयुष्यभर विहिरीचं पाणी घातलं असेल तर आत चुना बसलाय.

आणि डॅशबोर्ड कापू नकोस. हात जोडून सांगतो. तसा पत्र्याचा डॅशबोर्ड आता शोधून मिळत नाही. पॅनल खाली टांग, दोन क्लॅम्पवर, उद्या काढलं तर भोकसुद्धा दिसू नये.

---

चोवीस_व्होल्ट (कोल्हापूर)
१० एप्रिल, रात्री ९:५०

पानासाहेब, आत्ता अंगणातून आलो. हेडलाइट लावला. काटा हलला.

मल्टीमीटरवर ०.९ व्होल्ट. मी १७ वर्षं लोकांना "आधी अर्थिंग चेक करा" म्हणून ओरडतोय. बायकोला सांगितलं नाही अजून.

तरीपण पॅनल करणार आहे. आता हौस म्हणून म्हणा. ताई, नॅनो ठीक, पण वायरिंग आणि एमसीबीचं राहिलं बघा. आणि डिस्प्ले कुठला? एलसीडी उन्हात दिसेल का?

---

चाकणचा_हार्नेस (पुणे)
११ एप्रिल, सकाळी ११:३०

मी वायरिंग हार्नेसच्याच धंद्यात आहे, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

घरातली वायर नको. तिचं इन्सुलेशन भिंतीतल्या पाइपमध्ये गप्प पडून राहण्यासाठी असतं. मॅनिफोल्डजवळची उष्णता, ऑइल, सतत थरथर, हे तिचं काम नाही. ऑटो ग्रेड वायर मीटरवर मिळते, बारीक तारांची, पातळ इन्सुलेशनची. जोड सोल्डर करू नका, क्रिंप करा. सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि थरथरीनं बरोबर तिथेच तुटते. तुमच्याकडे क्रिंपिंगचा चांगला पाना असणारच. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, विसरू नका. फेरूल नंबर जरूर घाला, तेवढी एक फॅक्टरीची सवय गाडीत आणण्यासारखी आहे.

एमसीबी: हातानं वर ढकलता येतो हीच अडचण आहे. फ्यूज उडाला की माणूस निदान विचार करतो, एमसीबी तो तिसऱ्यांदा वर ढकलतो आणि धूर येतो. शिवाय तापलेल्या केबिनमध्ये तो लवकर पडतो, कारण आतली पट्टी उष्णतेवरच चालते. साधी ब्लेड फ्यूजची पेटी घ्या. आणि बॅटरीवरून निघणाऱ्या मुख्य वायरला पहिला फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत. त्याच्या अलीकडची वायर पत्र्याला घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही.

रिले: ते निळे छोटे रिलेवाले बोर्ड हेडलाइटला लावू नका. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे सव्वानऊ अँपियर, आणि थंड फिलामेंट लागताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. कॉन्टॅक्ट चिकटतात. गाडीचे ३०-४० अँपियरचे चौकोनी रिले घ्या, ३०, ८५, ८६, ८७ नंबरवाले. त्यांच्या कॉइलला साधारण १५० मिलिअँपियर लागतात, ते नॅनोच्या पिनला झेपत नाहीत. मध्ये यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप टाका, त्यात डायोड आतच असतात.

हेडलाइट, वायपर, हॉर्न नॅनोवर घ्यायचेच नाहीत. साधा स्विच, त्यातून रिले, संपलं. प्रोग्रॅम अडकला म्हणून रात्री घाटात अंधार व्हायला नको. नॅनोनं फक्त फॅन सांभाळावा, आणि तोही उलट्या बाजूनं. पाच पायांचा रिले घ्या, फॅन ८७ए वर जोडा, म्हणजे कॉइलला करंट नसताना फॅन चालू. नॅनोचं काम फॅन थांबवण्याचं. नॅनो मेला, रिलेच्या कॉइलची वायर तुटली, नॅनोचा फ्यूज उडाला, तरी चावी चालू असेपर्यंत फॅन फिरतच राहतो. फक्त ३० नंबरचा सप्लाय चावीवरच्या दुसऱ्या रिलेतून घ्या, नाहीतर गाडी बंद करून घरी जाल आणि सकाळी बॅटरी शून्य.

लोडचा हिशेबही एकदा मांडा. हेडलाइट ९, फॅन ७, वायपर ४, इग्निशन ४, मागचे-पुढचे बारीक दिवे ३. झाले २७. अल्टरनेटर ३५चा, तोही इंजिन फिरत असताना. आयडलला निम्मासुद्धा देणार नाही. त्यात फॉग लॅम्प घातले की पावसाळ्यात संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये बॅटरी उतरणार. फॉग लॅम्प एलईडी घ्या किंवा सोडून द्या.

---

आरटीओत_गेलेला_माणूस (सातारा)
११ एप्रिल, दुपारी ४:२०

एकच मुद्दा. गाडी १५ वर्षांच्या वरची, म्हणजे दर ५ वर्षांनी रजिस्ट्रेशन नूतनीकरणाला न्यावी लागणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. खाली टांगलेलं मीटर कोणी विचारत नाही, पण मूळचा स्पीडोमीटर चालू असलाच पाहिजे. तो काढून स्क्रीन लावलीत तर परत पाठवतील. (अनुभव माझा. स्पीडोमीटर काढून नव्हे, हॉर्न काढून. ती वेगळी कथा आहे.)

---

मेतकूट_आणि_मल्टीमीटर (सांगली)
११ एप्रिल, रात्री ८:००

डिस्प्लेबद्दल. चार ओळींचा अक्षरांचा एलसीडी उन्हात फिका पडतो, तापला की काळा पडतो, आणि पोलराइज्ड गॉगल घातला तर काही कोनांतून दिसतच नाही. रंगीत टीएफटी स्क्रीन दिवसा आरशासारखी होते. माझं मत: आकड्यांसाठी लाल सेव्हन सेगमेंट, चार अंकी, त्यावर गडद लाल अॅक्रिलिकचा तुकडा. भर दुपारी दिसतो. रात्री डोळ्यांत घुसतो म्हणून पार्किंग लाइटची वायर डिव्हायडरमधून नॅनोला द्या, ती चालू झाली की उजेड कमी.

आणि दादा, तुमच्याकडे त्याहून चांगली कल्पना आधीच आहे. फर्नेसवर तुम्ही स्क्रीनकडे टक लावून बसता का? नाही ना. अनन्सिएटर असतो. दिवा लुकलुकतो, हूटर वाजतो, तुम्ही अॅक्सेप्ट दाबता, हूटर थांबतो, दिवा मात्र बिघाड जाईपर्यंत लागलेला राहतो. गाडीत तेच करा. चढावर समोरून एसटी येत असताना कोण आकडा वाचणार? चार दिवे: पाणी, ऑइल, चार्जिंग, फॅन. एक बझर, एक अॅक्सेप्ट बटण. आकडा आपला कुतूहलापुरता.

ऑइलसाठी मूळचा लाल दिवा आणि त्याचा स्विच तसाच ठेवा, टी बसवून शेजारी प्रेशर सेन्सर लावा. १० ते १८० ओहमचा प्रकार सहज मिळतो. चुड्या जुळतात का ते मात्र आधी बघा, जबरदस्तीनं आवळलात तर ब्लॉक फुटेल.

---

चोवीस_व्होल्ट (कोल्हापूर)
१८ जून, रात्री ११:१०

दोन महिने गायब होतो, माफी. फौंड्रीत शटडाउन होतं, मग पॅनल चालू होतं.

आधी पानासाहेबांचं. अर्थची पट्टी हातात घेतली तर हिरवी भुकटी पडली. नवीन पट्टी टाकली, पत्रा घासून, वर ग्रीस. ०.९ चे ०.०४ झाले. काटा त्याच दिवशी खरं बोलायला लागला. थर्मोस्टॅट नव्हताच, घर रिकामं होतं. रेडिएटर उद्यमनगरात उघडून घेतला, खालच्या निम्म्या नळ्या बंद. कारागिरानं आतून निघालेला चुना वाटीत घालून दाखवला, पानात लावायला चालेल म्हणाला.

अनन्सिएटरचं वाचलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. सतरा वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट. पॅनल आता असं आहे: २६० बाय ७० मिलिमीटर, डॅशबोर्डखाली दोन क्लॅम्पवर. २२ची बटणं मागं एवढी लांब की हीटरच्या पाइपला टेकायला लागली, म्हणून १६ मिलिमीटरची धातूची घेतली. ती डबाभर बटणं परत माळ्यावर. अॅक्सेप्ट बटण सगळ्यांत उजवीकडं, स्टीअरिंगवरून हात न उचलता करंगळी पोचते. दिवे चार, आकडा एक, तो दर ३ सेकंदांनी आधी पाणी, मग ऑइल, मग व्होल्टेज, मग आरपीएम असा फिरतो. बिघाड आला की फिरायचं थांबून बिघाडाचाच आकडा दाखवतो. चावी आहे तिथंच. एचएमआय मुलानं घेतला, त्याच्यावर काहीतरी चाललंय त्याचं.

सेन्सर मोजायला घरच्या गॅसवर पातेलं, आईचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर नाही चालत, तो तापाचा; लॅबमधला उसना आणला. २८ अंशाला २.१ किलोओहम, ६०ला ६९०, उकळताना २३५. इथं एक गंमत. मी उकळी म्हणजे १०० धरून बसलेलो, थर्मामीटर ९८च्या वर जाईना. खराब म्हणून परत करायला निघालो तर मुलगा म्हणाला, "बाबा, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरवर आहे." नववीत आहे. टेबलमध्ये ९८ घातलं.

चूक कुठं झाली ते पण सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. होजमधल्या अॅडॅप्टरला वेगळी अर्थ वायर ओढली, ताईंनी सांगितल्याप्रमाणं. पण तिचं दुसरं टोक आणलं फॅनच्या अर्थच्या बोल्टवर, कारण ते जवळ होतं. फॅन सुरू झाला की तापमान एकदम ४ अंश कमी दिसायचं. फॅन बंद, ४ अंश जास्त. म्हणजे फॅन सुरू झाला की पाणी थंड झाल्यासारखं दिसून तो वेळेआधीच बंद व्हायचा. दोन रविवार गेले. शेवटी सेन्सरच्या अर्थ वायरी सगळ्या थेट नॅनोच्या ग्राउंडवर नेल्या आणि फॅनची अर्थ वेगळी, बॅटरीच्या निगेटिव्हला. कंपनीत अॅनालॉगची शील्ड आणि पॉवरची अर्थ एका बोल्टवर दिसली तर मी हेल्परला अर्धा तास बोलतो.

८७एची युक्ती नाद खुळा. मुद्दाम नॅनोचा फ्यूज काढून बघितला, फॅन भर्रकन सुरू. फक्त सेल्फ मारताना फॅन पण ओढतो, म्हणून चावीवरच्या रिलेला ५ सेकंदांचा टायमर घातला. तो मात्र भंगारातला आहे.

परवा आंबा घाट चढलो. पाऊस, धुकं, वायपर, हेडलाइट सगळं चालू. साखरप्याच्या पुढं ८५ला फॅन लागला, सगळ्यांत वर ९१ दिसलं, व्होल्टेज १३.१च्या खाली आलं नाही. बझर एकदाच वाजला. सासूबाई दचकल्या. काय झालं म्हणाल तर ऑइलच्या सेन्सरची वायर सुटलेली, प्रोग्रॅमनं बरोबर ओळखलं. सासूबाईंना सांगितलं, टेस्टिंग आहे.

एक प्रश्न उरलाय. हॉर्न दाबला की आरपीएम ४,००० दाखवतो. गाडी उभी असताना पण. आरपीएमची वायर आणि हॉर्नची वायर एकाच डक्टमधून नेलीय, त्यामुळं असेल काय?

---

मेतकूट_आणि_मल्टीमीटर (सांगली)
१९ जून, सकाळी ७:०५

त्यामुळेच. हॉर्नच्या आत कॉन्टॅक्ट सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात, प्रत्येक वेळी ठिणगी. आधी आरपीएमची वायर त्या डक्टमधून बाहेर काढा आणि दुसऱ्या बाजूनं न्या. शक्य तर शील्ड असलेली, शील्ड फक्त नॅनोच्या टोकाला अर्थ करा. तरी राहिलं तर ऑप्टोकपलर पॅनलमध्ये न ठेवता कॉइलजवळ हलवा, म्हणजे लांब वायरमधून ५ व्होल्टचा साफ सिग्नल येईल.

मुलाला विचारा डिप्लोमाला येतोय का.

---

गिरगावचा_पाना (मुंबई)
१९ जून, सकाळी ९:४०

फोटो टाक की रे. डॅशबोर्ड कापला नाहीस ना?